एकाच धान्याच्या दोन वाटा : साउथवोल्डची ब्रुअरी आणि डिस्टिलरी

बीअर आणि व्हिस्की ही दोन सर्वस्वी निराळी पेये आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. एक फेसाळ, सौम्य आणि ताजेपणी प्यायची. दुसरी कडक आणि वर्षानुवर्षे लाकडी पिंपात मुरलेली. प्रत्यक्षात दोहोंचा उगम एकच. मोड आणून वाळवलेले जवाचे दाणे, गरम पाणी आणि यीस्ट या तीन गोष्टींपासून दोन्ही पेये तयार होतात आणि प्रक्रियेच्या जवळजवळ अर्ध्या टप्प्यापर्यंत त्यांचा प्रवास एकाच वाटेने होतो. तरीही बीअर बनवणारी ब्रुअरी आणि मद्यार्काचे ऊर्ध्वपातन करणारी डिस्टिलरी एकाच छपराखाली क्वचितच दिसत असे. या विभक्तपणाचे कारण रसायनशास्त्रात फारसे नाही. ते मुख्यतः करवसुलीच्या इतिहासात सापडते.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील साउथवोल्ड या लहानशा गावात 'अ‍ॅडनम्स' या जुन्या ब्रुअरीने २०१० साली आपल्या आवारात 'कॉपर हाउस' ही डिस्टिलरी सुरू केली. एकाच भेटीत दोन्ही प्रक्रिया शेजारीशेजारी पाहण्याची संधी देणारे हे ठिकाण त्यामुळे विशेष अभ्यासनीय ठरते.

गाव आणि परिसर

साउथवोल्ड हे सफोक परगण्यातील समुद्रकाठचे गाव. लंडनपासून ते सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. गावात आता रेल्वे नाही. अरुंद रुळांवरून येथे येणारी जुनी गाडी १९२९ साली बंद पडली. त्यामुळे लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून इप्सविचमार्गे हेल्सवर्थ किंवा डार्शम गाठायचे आणि तेथून बस अथवा टॅक्सीने पुढे जायचे, हा सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग.

गावाच्या मध्यभागी, घरांच्या रांगेतून वर आलेले ३१ मीटर उंचीचे पांढरे दीपगृह ही साउथवोल्डची खूण. त्याचे बांधकाम १८८७ साली सुरू झाले आणि १८९० मध्ये दिवा लागला. या दीपगृहाच्या जवळच ब्रुअरीच्या इमारती आहेत. माल्ट शिजत असताना त्याचा गोडसर, भाजक्या धान्यासारखा वास गल्ल्यांतून पसरतो आणि ब्रुअरी कोठे आहे हे नवख्या माणसालाही विचारावे लागत नाही. गावात ठिकठिकाणी मोकळी हिरवी मैदाने दिसतात. १६५९ साली लागलेल्या भीषण आगीने गावाचा मोठा भाग भस्मसात केल्यानंतर आग पसरू नये म्हणून ही मैदाने मोकळी ठेवण्यात आली, असे सांगितले जाते.

साडेसहा शतकांची परंपरा

या गावातील बीअरनिर्मितीचा लिखित उल्लेख १३४५ सालचा आहे आणि तो सन्मानाचा नसून दंडाचा आहे. जोहाना द कॉर्बी नावाच्या स्त्रीने प्रमाणित नसलेल्या मापातून एल, म्हणजे त्या काळची बीअर, विकल्याबद्दल तिला स्थानिक न्यायसभेने दंड केला. तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये पाव आणि एल यांच्या किमती व मापे कायद्याने बांधलेली होती. मद्य बनवणे हे त्या काळी घरातील स्त्रियांचे काम होते आणि त्यावरची देखरेख हे सत्तेचे. या धंद्यातील माणूस आणि माप तपासणारा अधिकारी यांचे नाते किती जुने आहे, हे या एका नोंदीवरून दिसते.

आजच्या कंपनीचा आरंभ १८७२ चा. त्या वर्षी जॉर्ज आणि अर्नेस्ट अ‍ॅडनम्स या बंधूंनी वडिलांच्या आर्थिक मदतीने येथील 'सोल बे ब्रुअरी' विकत घेतली. जॉर्जचे मन या व्यवसायात रमले नाही. तो आफ्रिकेत गेला आणि तेथे मगरीच्या तोंडी पडला, अशी कथा कंपनीच्या इतिहासात सांगितली जाते. अर्नेस्ट मात्र गावातच राहिला आणि १८९० साली त्याने व्यवसायाला कंपनीचे स्वरूप दिले.

ज्या समुद्राकडे गावाचे तोंड आहे, त्याच समुद्रात १६७२ साली एका बाजूस डच आणि दुसऱ्या बाजूस इंग्रज व फ्रेंच आरमार यांच्यात लढाई झाली. ती 'सोल बेची लढाई' म्हणून ओळखली जाते. तिच्या त्रिशताब्दीनिमित्त १९७२ साली कंपनीने 'ब्रॉडसाइड' ही गडद रंगाची बीअर काढली. जहाजाच्या एका बाजूच्या सर्व तोफा एकदम डागणे म्हणजे ब्रॉडसाइड. या बीअरचा पुढे पुन्हा उल्लेख येईल.

जुन्या इमारतींचे दर्शनी भाग व्हिक्टोरियन काळातील असले, तरी आतील यंत्रसामग्री आधुनिक आहे. घोड्यांच्या गाड्यांतून गावातल्या पबमध्ये पिंपे पोहोचवण्याची प्रथा २००६ पर्यंत चालू होती. त्या वर्षी कोठाराचे काम शेजारच्या रेडन येथील नव्या वितरण केंद्रात हलवण्यात आले. अंबाडीसारख्या हेम्प वनस्पतीचे तंतू आणि चुना यांच्या विटांनी बांधलेल्या भिंती आणि वनस्पतींनी आच्छादलेले छप्पर यांमुळे हे केंद्र वास्तुविशारदांच्या कुतूहलाचा विषय बनले.

ब्रुअरीतील वाट

भेटीची सुरुवात बहुधा धान्यापासून होते. जव, ज्याला आपल्याकडे सातू असेही म्हणतात, भिजवून त्याला मोड आणले जातात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. योग्य वेळी गरम हवेने दाणे वाळवून ही वाढ थांबवली जाते. हेच माल्ट. कमी भाजलेले माल्ट फिकट आणि बिस्किटासारख्या चवीचे असते. जास्त भाजलेले कॉफी किंवा कडवट चॉकलेटची आठवण करून देते. भेट देणाऱ्यांच्या हातावर दोन्ही प्रकारचे दाणे ठेवले जातात. ते चावून पाहिल्यावर बीअरचा रंग आणि चव कोठून येते, याचा उलगडा कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर होतो.

भरडलेले माल्ट सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले जाते. या तापमानाला विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. या हौदाला मॅश टन आणि त्यातून गाळून निघणाऱ्या गोड, चिकट द्रवाला वॉर्ट म्हणतात. उरलेला चोथा गुरांच्या खाद्यासाठी वापरला जातो.

येथवर बीअर आणि व्हिस्की एकत्र असतात. येथून वाटा फुटतात. बीअरसाठी निवडलेला वॉर्ट तांब्याच्या किंवा पोलादाच्या पात्रात उकळला जातो आणि त्यात हॉप नावाच्या वेलीची शंकूसारखी फुले टाकली जातात. हॉपमुळे कडवटपणा व सुगंध येतो आणि पेय टिकण्यास मदत होते. त्यानंतर वॉर्ट थंड करून त्यात यीस्ट मिसळले जाते. 'एल' प्रकारच्या बीअरचे किण्वन साधारणतः २० अंशांच्या आसपास काही दिवसांत पूर्ण होते.

यीस्टलाही इतिहास असतो, हे येथे कळते. अ‍ॅडनम्सचे यीस्ट १९४३ साली नॉर्विच येथील मॉर्गन्स या ब्रुअरीतून आणण्यात आले. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तेच वाण जोपासले जात आहे. आपल्याकडे दह्याचे विरजण जसे एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि मूळ घर विस्मरणात गेले तरी विरजण टिकून राहते, त्यातलाच हा प्रकार. एक किण्वन संपले की वर आलेल्या यीस्टचा काही भाग पुढच्या खेपेसाठी बाजूला काढला जातो.

डिस्टिलरीतील वाट

नव्या यंत्रसामग्रीमुळे ब्रुअरीची जुनी तांब्याच्या पात्रांची इमारत रिकामी झाली आणि त्याच जागेत डिस्टिलरी उभी राहिली. 'कॉपर हाउस' हे नाव त्यावरूनच आले. काचेपलीकडे उभे असलेले चकचकीत तांब्याचे पात्र आणि गोल खिडक्यांचे उंच स्तंभ हे येथील मुख्य दृश्य.

डिस्टिलरीसाठी लागणाऱ्या वॉर्टमध्ये हॉप घातले जात नाहीत. तो आंबवल्यावर जे तयार होते त्यास वॉश म्हणतात. वॉश म्हणजे हॉपविरहित बीअरच होय. विशेष म्हणजे या वॉशसाठीही ब्रुअरीचेच यीस्ट वापरले जाते. बहुतेक व्हिस्की कारखाने अधिक मद्यार्क देणारे खास यीस्ट वापरतात. येथे ब्रुअरीच्या यीस्टमुळे येणारा फळांसारखा गंध पुढच्या पेयातही उतरतो.

ऊर्ध्वपातनाचे तत्त्व साधे आहे. शुद्ध मद्यार्क सुमारे ७८ अंशांना उकळतो आणि पाणी १०० अंशांना. वॉश तापवला की मद्यार्काचे प्रमाण अधिक असलेली वाफ आधी वर जाते. ती थंड केली की पुन्हा द्रवरूप होते. कौशल्य असते ते या धारेची वाटणी करण्यात. सुरुवातीला येणाऱ्या भागात तीव्र वासाची, घातक द्रव्ये असतात. तो बाजूला काढावा लागतो. मधला भाग स्वच्छ आणि ग्राह्य. शेवटच्या भागात तेलकट, जड गंधाची द्रव्ये येतात. मधला भाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे ठरवणाऱ्याला नाक आणि जीभ यांवर विसंबावे लागते. तांबे हा धातू येथे केवळ शोभेसाठी नसतो. वाफेतील गंधकाची दुर्गंधीयुक्त संयुगे तांब्यावर अडकतात आणि पेय निर्मळ होते.

व्होडका बनवताना वाफ उंच स्तंभातील एकावर एक असलेल्या तबकड्यांतून जाते. प्रत्येक तबकडीवर जणू एक छोटे ऊर्ध्वपातन घडते आणि शेवटी ९६ टक्क्यांपर्यंत शुद्धता गाठली जाते. त्यात पाणी मिसळून बाटली भरली की व्होडका तयार. जव, गहू आणि ओट या तीन धान्यांपासून बनणाऱ्या येथील 'लाँगशोअर' व्होडकाला २०१४ साली 'इंटरनॅशनल वाइन अँड स्पिरिट कॉम्पिटिशन' या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट व्होडकाचा मान मिळाला. त्याआधी २०१३ साली 'कॉपर हाउस' जिनने त्याच स्पर्धेत जिनचा करंडक मिळवला होता.

जिन म्हणजे जुनिपरच्या फळांचा स्वाद दिलेला मद्यार्क. बहुतेक जिन उत्पादक तयार मद्यार्क बाहेरून विकत घेतात आणि त्यात फक्त स्वाद उतरवतात. येथे मद्यार्कही स्वतःच्याच धान्यापासून काढला जातो. 'कॉपर हाउस' जिनमध्ये जुनिपरसोबत धने, वेलची, गोड संत्र्याची साल, ओरिस नावाचे सुगंधी मूळ आणि जास्वंदीच्या जातीचे हिबिस्कस फूल असते. धने आणि वेलची हे भारतीय स्वयंपाकघरातले ओळखीचे जिन्नस सफोकच्या भट्टीत सापडतात, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या पाहुण्याला वास ओळखायला वेळ लागत नाही.

व्हिस्कीला मात्र घाई चालत नाही. ब्रिटनच्या कायद्यानुसार किमान ३ वर्षे लाकडी पिंपात मुरल्याशिवाय कोणत्याही मद्याला व्हिस्की म्हणता येत नाही. म्हणूनच २०१० साली भट्टी पेटली तरी येथील पहिली व्हिस्की २०१३ साली बाजारात आली. पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य हवेत उडून जाते. व्यवसायातील मंडळी याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. रेडनच्या शेतातील राय या धान्यापासूनही येथे व्हिस्की बनवली जाते.

दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात त्या 'स्पिरिट ऑफ ब्रॉडसाइड' या पेयात. १९७२ सालची ती गडद बीअर, हॉपसह, सरळ तांब्याच्या भट्टीत घालून तिचे ऊर्ध्वपातन केले जाते आणि निघालेला अर्क ओकच्या पिंपात मुरवला जातो. तो व्हिस्की नाही आणि बीअरही नाही. दोन्ही कामे एका आवारात नसती, तर हे पेय निर्माण होणे कठीण होते.

याच्या नेमके उलट कामही याच घरात चालते. 'घोस्ट शिप' या लोकप्रिय बीअरचा केवळ ०.५ टक्के मद्यार्क असलेला प्रकार २०१८ साली काढण्यात आला. त्यासाठी आधी नेहमीसारखी बीअर बनवून नंतर पाणी शुद्धीकरणाच्या 'आरओ' यंत्रात असते त्याच तत्त्वाच्या सूक्ष्म पडद्यातून मद्यार्क वेगळा केला जातो. एका इमारतीत मद्यार्क एकवटला जातो आणि दुसरीकडे तो काढून टाकला जातो.

भिंत कोणी बांधली?

दोन्ही प्रक्रिया इतक्या जवळच्या असताना त्यांना वेगळे ठेवण्याची प्रथा का पडली? उत्तर जमाखर्चात आहे. बीअरवरील कर आणि कडक मद्यावरील कर यांचे दर नेहमीच वेगळे राहिले. ब्रिटनमध्ये १८८० पर्यंत माल्टवर कर होता. त्या वर्षी तो रद्द करून बीअरवर, वॉर्टच्या घनतेच्या हिशेबाने कर बसवण्यात आला. एकाच आवारात मॅश टन आणि भट्टी असेल, तर बीअर म्हणून नोंदवलेला वॉर्ट रातोरात भट्टीत वळवणे अवघड नव्हते. असे झाल्यास सरकारचा महसूल बुडे. म्हणून ब्रुअरी आणि डिस्टिलरी एकाच जागी नको, असा दंडक रुजला.

लहान उत्पादकांपुढे आणखी एक अडसर होता. १९७९ च्या ब्रिटिश कायद्यानुसार १,८०० लिटरपेक्षा लहान भट्टीस परवाना नाकारण्याचा अधिकार कर अधिकाऱ्यांकडे होता. लंडनमध्ये 'सिपस्मिथ' या छोट्या जिन कारखान्याने पाठपुरावा करून २००९ साली परवाना मिळवला आणि लहान डिस्टिलऱ्यांसाठी दार उघडले. पुढच्याच वर्षी साउथवोल्डमध्ये ब्रुअरीच्या आवारात डिस्टिलरी उभी राहिली. त्यासाठी कंपनीला जुन्या बंधनातून वाट काढून कर खात्याची संमती मिळवावी लागली.

ही भिंत पूर्णपणे पडली आहे असे मात्र म्हणता येणार नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनने सर्व मद्यांवर त्यांतील मद्यार्काच्या प्रमाणानुसार कर लावण्याची पद्धत स्वीकारली. त्या दिवशी लागू झालेल्या दरांनुसार शुद्ध मद्यार्काच्या प्रत्येक लिटरमागे नेहमीच्या तीव्रतेच्या बीअरवर २१.०१ पौंड, तर कडक मद्यावर ३१.६४ पौंड कर पडू लागला. लहान उत्पादकांसाठीची सवलतही ८.५ टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्काच्या पेयांनाच मिळते. म्हणजे एकाच शेतातील जव, एकाच हौदातील वॉर्ट आणि एकाच वाणाचे यीस्ट असले, तरी भट्टीकडे वळणाऱ्या नळातून गेलेला द्रव अधिक कर भरतो आणि सवलतीस मुकतो.

दुसरी वाट का?

मग ब्रुअरीने डिस्टिलरीचा खटाटोप का करावा? बीअर ताजीच विकावी लागते. ती जड असल्याने लांब पाठवणे महाग पडते आणि तिच्या खपाचा मुख्य आधार असलेल्या पबची संख्या ब्रिटनमध्ये अनेक वर्षे घटत आली आहे. जिनची बाटली टिकते, दूर जाते आणि कमी जागेत अधिक मोल साठवते. जुनी इमारत, माल्टचे पुरवठादार, यीस्ट आणि किण्वनाचे ज्ञान हे भांडवल ब्रुअरीकडे आधीपासूनच असते. व्हिस्कीचा पैसा ३ वर्षे अडकून राहतो, पण जिन आणि व्होडका काही दिवसांत विक्रीस तयार होतात. म्हणूनच बहुतेक नव्या डिस्टिलऱ्या आधी जिन विकतात आणि व्हिस्कीची वाट पाहतात.

तथापि दुसरी वाट म्हणजे तारणाची हमी नव्हे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील 'अँकर' ब्रुअरीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ साली डबघाईला आलेली ही ब्रुअरी सावरली आणि १९९३ साली तिच्याच जोडीला डिस्टिलरी सुरू करून राय माल्टची 'ओल्ड पोट्रेरो' व्हिस्की बनवली. अमेरिकेतील लहान डिस्टिलऱ्यांच्या चळवळीतील हा अग्रगण्य प्रयोग होता. २०१० मध्ये त्यांनी व्यवसाय विकला. २०१७ साली ब्रुअरी जपानच्या 'सप्पोरो' कंपनीकडे गेली आणि मद्यनिर्मितीचा विभाग वेगळ्या मालकीत राहिला. २०२३ च्या जुलैमध्ये ब्रुअरी बंद करण्यात आल्याची घोषणा झाली. २०२४ साली एका उद्योजकाने तिची मालमत्ता विकत घेतली, पण दरम्यान एका छपराखालील दोन वाटा कायमच्या दुरावल्या होत्या.

साउथवोल्डही या चिंतेपासून मुक्त नाही. महासाथीचा काळ, ऊर्जेचे वाढलेले दर आणि कर्जाचा भार यांमुळे अ‍ॅडनम्सने २०२४ साली भांडवल उभारणीचे पर्याय तपासण्यासाठी सल्लागार नेमले. दीडशे वर्षे स्वतंत्र राहिलेल्या कंपनीच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. गावातील रोजगार, परिसरातील शेतकऱ्यांचा जव आणि राय, आणि १९४३ पासून जोपासलेले यीस्ट हे सारे या एका आवाराशी बांधलेले आहे. पर्यटकांसाठीच्या भेटी या दृष्टीने केवळ करमणूक नाहीत. तिकीट, चव चाखण्याचे सत्र आणि बाहेर पडताना घेतलेली बाटली हे अशा लहान उद्योगाच्या उत्पन्नाचे खरेखुरे साधन आहे.

भारतीय धागे

हीच विभागणी भारतातही दिसते. एडवर्ड डायर यांनी १८५५ साली हिमालयातील कसौली येथे सुरू केलेली ब्रुअरी पुढे अधिक पाण्यासाठी सोलनला हलवण्यात आली आणि कसौलीच्या जागेत डिस्टिलरी चालू राहिली. आजच्या 'मोहन मीकिन' कंपनीची मुळे तेथे आहेत. महाराष्ट्रात ही रेषा ग्राहकाच्या वयातही ओढलेली आहे. बीअरसाठी वयोमर्यादा २१ वर्षे, तर कडक मद्यासाठी २५ वर्षे.

महाराष्ट्रातील लहान ब्रुअरींचा आरंभ पुण्यातून झाला, हे अनेकांना ठाऊक असेल. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या 'डूलाली'चे नावही मराठी मातीतले आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी परतणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या सैनिकांच्या विक्षिप्तपणाला इंग्रजीत 'डूलाली टॅप' म्हणू लागले. देवळालीचा अपभ्रंश डूलाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप.

गोव्यात तर किण्वन आणि ऊर्ध्वपातन यांची फारकत कधी झालीच नाही. काजूच्या बोंडांचा रस आंबवणे आणि त्यापासून पहिल्या धारेचा हुर्राक व पुढे फेणी काढणे, ही दोन्ही कामे एकाच भट्टीवर, एकाच कुटुंबाकडून होत आली. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कॉपर हाउसमधील चकचकीत स्तंभ पाहताना गोव्याच्या मातीच्या भट्टीची आठवण झाली, तर ती गैर ठरणार नाही. तत्त्व तेच आहे.

भेट देणाऱ्यांसाठी

ब्रुअरी आणि डिस्टिलरी यांच्या भेटी वेगवेगळ्या आयोजित केल्या जातात. वेळ असेल तर आधी ब्रुअरी आणि मग डिस्टिलरी हा क्रम ठेवावा. वॉर्टची ओळख झाल्यावरच वॉशचे महत्त्व कळते. जागा मर्यादित असल्याने आगाऊ नोंदणी करणे श्रेयस्कर. छोट्या तांब्याच्या भट्टीवर आपल्या पसंतीचे जिन्नस घालून स्वतःची जिन तयार करण्याचा कार्यक्रमही येथे असतो.

कारखान्यातील जिने अरुंद आणि फरशी ओली असू शकते, म्हणून पुढून बंद असलेली, सपाट तळव्याची पादत्राणे घालावीत. किण्वनाच्या हौदावर वाकून जोराने श्वास घेऊ नये. तेथे साचलेला कार्बन डायऑक्साइड नाकाला झोंबतो आणि अधिक प्रमाणात घातक ठरतो. चव चाखताना आधी सौम्य बीअर, मग गडद आणि शेवटी कडक मद्य असा क्रम ठेवावा. कडक मद्यात थोडे पाणी घातल्याने गंध खुलतो. चाखलेला घोट गिळलाच पाहिजे असे नाही. त्यासाठी भांडे मागून घेण्यात संकोच नसावा.

इंग्लंडमध्ये मद्यखरेदीसाठी वयाची अट १८ वर्षांची आहे आणि वयाचा पुरावा मागितला जाऊ शकतो. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्क ही तेथील कमाल मर्यादा आहे. भारतात ती ३० मिलिग्रॅम आहे. तथापि चाखण्याच्या कार्यक्रमास जाणाऱ्याने वाहन घरीच ठेवावे, हेच शहाणपणाचे. मद्य न घेणाऱ्यांनाही ही भेट निरर्थक वाटू नये. माल्टचे दाणे, हॉपची फुले, १९४३ पासून जिवंत असलेले यीस्ट आणि एका नळाच्या दिशेवर ठरणारा कर हे सारे पाहण्यासाठी पेला उचलावाच लागतो असे नाही.